निश शोधून राहिले? आधी कोणाचं काय अडलंय ते बघा

नागपुरात आजकाल एखाद्या पोट्ट्याला विचारा का बाबा चॅनल कशावर काढतोय, तर बहुतेक वेळा उत्तर एकच, फूड. मग तेच तर्री पोहे, तोच सावजीचा लालभडक रस्सा, तीच स्लो मोशनमध्ये ओतलेली तर्री आणि मागे तेच ट्रेंडिंग गाणं. व्ह्यू येतात, नाही असं नाही. पण व्हिडिओ संपल्यावर बघणाऱ्याच्या लक्षात ठेला राहतो, तुम्ही नाही राहत, आणि उद्या दुसऱ्या कोणी त्याच ठेल्यावर फोन धरला तर त्याला काहीच फरक पडत नाही. ठेलेवाल्याचा धंदा मात्र वाढतो, तोही फुकटात.

निश म्हणजे बाजारातला आपला नेमका, बारीक कोपरा, आणि गडबड कुठे होते तर लोक विषयालाच निश समजतात. फूड हा विषय झाला, ट्रॅव्हल हा विषय झाला, मोटिव्हेशन तर माझ्या मते विषयही नाही. आणि "नागपूर" हीसुद्धा निश नाही बरं, २०११ च्या जनगणनेतच शहरात २४ लाख लोक होते, आता त्याहून जास्त असतील, त्यातल्या नेमक्या कोणासाठी बनवून राहिले ते तर सांगा. माझा हिशोब साधा आहे, माणूस कोण, तो कधी अडतो आणि कशावर अडतो, ही तीन उत्तरं एका वाक्यात बसली की निश सापडली, नाही बसली तर अजून शोधायचं. यूट्यूब चॅनल असो, इन्स्टावरचं दुकान असो का व्हॉट्सॲपवरून मसाला विकणं असो, हिशोब तोच.

कूलरचंच घ्या. "घरगुती उपकरणं" असा विषय धरला तर तुम्ही सरळ मोठ्या हिंदी चॅनलांसमोर उभे राहता, त्यांच्याकडे कंपन्या नवा माल पाठवतात, स्टुडिओ आहे, माणसं आहेत, तिथे आपला निभाव लागत नाही. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बेसा-मानेवाड्याकडच्या लेआउटमध्ये बोरच्या पाण्यावर कूलर चालवणाऱ्या घरमालकाचं काय काय अडतं ते बघा. वूडवूलवर, म्हणजे कूलरच्या जाळीतल्या गवतावर, पांढरे क्षार बसतात, पंप जाम होतो, पाण्याला वास मारतो, खोली थंडच होत नाही कारण सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि हवेला बाहेर जायला वाटच ठेवली नाही. जूनमध्ये पाऊस लागला का सगळं चिकचिक होतं आणि त्याला वाटतं मशीनच बिघडली, अन् खरं काय तर कूलरचं सगळं काम पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतं, हवा आधीच दमट असली तर पाणी उडणार कसं. त्यात शॉकची भीती वेगळी, विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याच्या बातम्या येतच राहतात, म्हणजे अर्थिंग कसं तपासायचं, शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी स्विच काय असतो, पाणी भरताना प्लग काऊन काढायचा, हे सगळं कोणीतरी साध्या भाषेत सांगायला पाहिजे. एका माणसाचा एक मोसम धरला तर एवढं निघालं.

आता कोणी म्हणेल का कूलर तर चार महिन्यांचा, बाकीचे आठ महिने काय करायचं बाप्पा. म्हणूनच मी म्हणतो माणूस पक्का धरा आणि विषय त्याच्याभोवती फिरू द्या. तोच घरमालक जुलैत स्लॅबच्या गळतीवर अडतो, दिवाळीआधी रंगकामाच्या एस्टिमेटवर अडतो, हिवाळ्यात गीझरवर, आणि महावितरणचं बिल त्याला बाराही महिने आहे. बघणारा तोच राहिला तर चॅनल टिकतं, विषय तोच ठेवला आणि माणूस दर वेळी वेगळा असला तर दर व्हिडिओला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे लोकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

असा माणूस सापडतो कुठे

पहिले आपला फोन उघडा. व्हॉट्सॲपमध्ये वर सर्च असतं, त्यात "कुठे मिळेल", "कसं करायचं", "तुला माहीत असेल", "नंबर आहे का" असं टाकून बघा, मागच्या वर्ष-दोन वर्षांत लोकांनी तुम्हालाच काय काय विचारलं ते सगळं वर येतं. बँकेत काम करणाऱ्याला नातेवाईक कर्जाच्या कागदांबद्दल विचारतात, शाळेतल्या बाईंना स्कॉलरशिपच्या फॉर्मबद्दल, कळमन्याच्या बाजारात अडतीकडे बसणाऱ्याला भाजी-फळाच्या भावाबद्दल, इतवारीत कापडाच्या दुकानात उभं राहणाऱ्याला लग्नाचा बस्ता किती बजेटमध्ये निघेल याबद्दल. तुम्हाला ज्याचं उत्तर द्यायचा कंटाळा येतो ना, "एवढं तर सगळ्यांनाच माहीत असते" असं वाटतं ना, ते आधी लिहून काढा. सगळ्यांना माहीत असतं तर तुम्हाला विचारलं कशाला असतं. या यादीत जे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारले त्यावर खूण करा, एकाच आत्याने दहा वेळा विचारलं तर ते मोजायचं नाही.

दुसरी जागा म्हणजे शहरातल्या त्या जागा जिथे बाहेरगावची माणसं भांबावून उभी असतात. धंतोली-रामदासपेठेत, म्हणजे दवाखान्यांच्या भागात, कोणत्याही दिवशी चक्कर मारा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय छिंदवाडा-बालाघाट आणि छत्तीसगडातून आलेले पेशंटचे नातेवाईक हातात फाइल घेऊन फिरताना दिसतील. डॉक्टर त्यांनी आधीच ठरवलेला असतो, अडतं ते बाकीचं सगळं. मेयो हॉस्पिटल रेल्वे स्टेशनपासून जवळ आहे, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वेगळीकडे आहे, एम्स मिहानमध्ये, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट जामठ्याला वर्धा रोडवर, मग मेट्रोने कुठपर्यंत जायचं आणि पुढे काय, ओपीडीच्या चिठ्ठीला किती वाजता लागायचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला कोणते कागद लागतात, रात्री सोबतच्या माणसाने झोपायचं कुठे, स्वस्तात डबा कुठे मिळतो, रक्त लागलं तर कोणाकडे जायचं. यात वैद्यकीय सल्ला एक अक्षर द्यायचा नाही, आपण फक्त वाट दाखवायची. हे काम मला सगळ्या कल्पनांमध्ये फार मोलाचं वाटते, पण पैशाच्या बाजूने अवघड आहे हेही सांगून ठेवतो, कारण तो माणूस एकदा येतो, काम झालं का परत चॅनल उघडत नाही, आणि त्याच्या खिशातून काही काढावं असं आपल्यालाही वाटत नाही. लॉजवाले कमिशन द्यायला येतील. ज्या दिवशी कमिशन घेऊन लॉज सुचवलं त्या दिवशी तुमच्या शब्दाची किंमत गेली, म्हणून असं काही करायचं असेल तर कमाई दुसरीकडून हवी आणि हे बाजूला चालू ठेवायचं.

विकायचं काही असेल तर गाव सोडून गेलेल्या माणसाकडे बघा. तान्हा पोळा आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघरी खाऊ-पैसे मिळतात. आता हाच नागपूरचा पोरगा हिंजवडीत नाहीतर बंगळुरात नोकरीला आहे, त्याचं लेकरू तीन वर्षांचं झालं, आजीने फोनवर विचारलं का बैल घेतला का नाही, आणि तिथे आसपास लाकडी बैल मिळतच नाही. माणूस कोण, कधी अडला, कशावर अडला, तिन्ही उत्तरं पक्की. इथे बाजारात त्या दिवसांत बैलांचे ढीग लागलेले असतात, तिथे एकही नसतो, तुमचा धंदा या दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात आहे. पण बारीक गोष्टी पाहा: पोळा श्रावण अमावस्येला म्हणजे माल महिनाभर आधी हातात पाहिजे, शिंगं आणि चाकं कुरिअरमध्ये तुटतात म्हणून ती वेगळी बांधून पाठवता येतील असा बैल कारागिराकडून करून घ्यावा लागतो, मोठा बैल जड असतो आणि कुरिअरचा खर्च बैलाच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकतो, त्यामुळे लहान आणि मध्यम एवढेच ठेवलेले बरे. अमावस्या उलटून गेल्यावर पार्सल पोचलं तर तो बैल फुकट दिला तरी शिव्याच पडतील.

आणि पोळा झाल्यावर काय? तर ग्राहक तोच. गाव सोडलेलं विदर्भातलं घर. त्याला हिवाळ्यात संत्री पाहिजे, भिवापूरची मिरची पाहिजे, वायगावची हळद पाहिजे, उन्हाळ्यात आईच्या हातचे असतात तसे सांडगे-कुरडया पाहिजेत, सावजी मसाला पाहिजे पण आपल्या घरी बनेल असा. त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर "बैलवाले दादा" म्हणून सेव्ह झालेला असला की पुढची विक्री सोपी जाते.

संत्र्याच्या मोहात पडणारे खूप आहेत म्हणून दोन शब्द. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं बॉक्स भरायचे आणि पाठवायचे. पण साल सैल असते, दाबलं का फळ बसतं, उन्हाच्या दिवसात ट्रान्सपोर्टमध्ये चार दिवस गेले तर बॉक्स उघडताना ग्राहक फोटोच पाठवतो. आंबिया बहाराचा (बहार म्हणजे फुलोरा) माल दिवाळीनंतर थंडीत येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे पाठवायचंच असेल तर थंडीतला माल सोयीचा. ज्याची स्वतःची काटोल-नरखेडकडे बाग आहे त्याने जरूर करावं, कारण तो झाडावरून तोडून दुसऱ्या दिवशी पॅक करतो. कळमन्यातून घेऊन पाठवणाऱ्याने जरा विचार करावा.

बागेवाल्याला तर विकण्यापेक्षा सांगण्यातही जागा आहे. "संत्रा लागवड संपूर्ण माहिती" असे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ज्या शेतकऱ्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक येऊन राहिला त्याला संपूर्ण माहिती नको असते, त्याला आज संध्याकाळी काय करायचं ते पाहिजे असतं: बुंध्याची कुजलेली साल खरवडायची, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १० लिटर पाण्याचं बोर्डो मलम लावायचं, मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचं नाही. अशा एकेका अडचणीवर, आपल्याच बागेत, त्या त्या महिन्यात काढलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ त्या तासाभराच्या व्हिडिओपेक्षा जास्त कामाचा. आणि खात्री करायला नागपुरातच अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, मनानं औषधं सांगण्यापेक्षा त्यांच्या शिफारशी बघून सांगा, चुकीचं औषध सांगितलं तर एखाद्याची बाग जाते.

मागणी आहे का ते फुकटात तपासणं

यादीतून दोन-तीन कल्पना उरल्या का यूट्यूबचं सर्च उघडा, इनकॉग्निटोमध्ये उघडा म्हणजे तुमचीच जुनी हिस्टरी मध्ये येणार नाही. मराठीत दोन शब्द टाका आणि खाली काय काय सुचवतंय ते बघा, मग तेच रोमन लिपीत टाका, मग हिंदीत. आपले लोक तिन्ही प्रकारे शोधतात, आणि रोमनमध्ये मराठी टाइप करणारे तर भरपूर. सुचवलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या, ती लोकांनी खरोखर शोधलेली असतात, तीच पुढे तुमच्या व्हिडिओची शीर्षकं होतात.

मग रिझल्ट बघा. वरचे व्हिडिओ चार वर्षं जुने आहेत का, एखाद्या लहान चॅनलच्या व्हिडिओला त्याच्या सबस्क्राइबरपेक्षा कितीतरी पट व्ह्यू आहेत का, असलं तर समजा लोक शोधून राहिले आणि देणारा कमी आहे. सगळ्यात जास्त वेळ कमेंट वाचण्यात घालवा. "दादा किती खर्च आला", "हे नागपुरात कुठे मिळेल", "आमच्याकडे असं होत नाही, का बरं" आणि खाली उत्तरच नाही, हे जिथे दिसेल तिथे थांबा. "मस्त", "जबरदस्त भाऊ" अशाच कमेंट असतील तर तो करमणुकीचा कंटेंट आहे, करमणूक वाईट नाही पण त्यात तुमचा चेहरा आणि टायमिंग विकावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.

गूगल ट्रेंड्समध्ये भारत, मग महाराष्ट्र निवडा, वेळ पाच वर्षं ठेवा, आणि वेब सर्चऐवजी यूट्यूब सर्च असाही पर्याय असतो तो लावून बघा. तिथे दिसणारा १०० म्हणजे १०० लोक नाहीत हं, त्या काळातला सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे १०० आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. मोसम समजायला हे उत्तम, कोणता शब्द कधी चढतो ते कळलं का व्हिडिओ त्याच्या महिनाभर आधी टाकता येतो. मराठी शब्दांना कधी कधी डेटा पुरेसा नाही असं येतं, घाबरायचं नाही, लोक शोधत नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. गूगल ॲड्सचं खातं काढून कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं साधन, बघता येतो, जाहिरात न चालवता तो आकडे मोघम देतो, १०० ते १ हजार असे, पण दोन कल्पनांची तुलना करायला तेवढं पुरतं.

आणि कुठेच काही सापडलं नाही, एकही व्हिडिओ नाही, एकही प्रश्न नाही, तर "वा, मैदान मोकळं" म्हणून उड्या मारू नका. बहुतेक वेळा तिथे कोणाला यायचंच नसतं.

पैसा कुठून येणार हे आधी विचारा

जाहिरातीच्या पैशाचं गणित एकदा कागदावर मांडा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १ हजार सबस्क्राइबर आणि १२ महिन्यांत ४ हजार तास वॉच टाइम लागतो, किंवा शॉर्ट्स करत असाल तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं बघतो धरलं तर वर्षात ६० हजार व्ह्यू, महिन्याला ५ हजार, तेही मोठ्या व्हिडिओचे, कारण शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ यात धरत नाहीत. बारीक मराठी विषयाला हे अशक्य नाही, पण तिथे पोचल्यावर घर चालेल असं समजू नका, मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, आणि मुळात ती रक्कम किती हे विषयावर आणि बघणाऱ्यावर ठरतं.

त्यापेक्षा हा प्रश्न विचारा: या माणसाची जी अडचण आहे, त्यावर तो आज पैसे कोणाला देतो? कूलरवाल्या घरमालकाचे पैसे मेकॅनिकला जातात, वूडवूल-पंपाला जातात. बैल शोधणारा बैलाला देतो. बागेवाला औषधाला, रोपाला, मजुरीला देतो. कोणालाच काही देत नसेल, नुसता वैतागून गप्प बसत असेल, तर बघेल तुमचं पण विकत काही घेणार नाही. तुम्ही स्वतः मेकॅनिक असाल तर चॅनल हीच तुमची जाहिरात, पाचशे सबस्क्राइबर असले आणि त्यातले चाळीस जण दक्षिण नागपुरातले असले तरी मार्च महिना भरून जातो. लाखभर सबस्क्राइबरची स्वप्नं बघणाऱ्यांना हे पटत नाही, आणि तिथेच त्यांची गाडी अडते.

काही जागा मुळातच सांभाळून. शेअरच्या टिप्स देऊन पैसे घ्यायचे तर सेबीची नोंदणी लागते, "फक्त शिकवतो" म्हणून आत टिप देणं चालत नाही. खायचं काही विकायचं, घरून का असेना, तर एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करा, ऑनलाइन होते. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कोणाचं कौतुक केलं तर ती जाहिरात आहे हे बघणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे, डिस्क्रिप्शनच्या तळाशी लपवून नाही.

भाषा

नागपुरात हा प्रश्न पुण्यापेक्षा अवघड, कारण आपण दिवसभर दोन्ही बोलतो, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात हिंदी आणि घरी मराठी. उत्तर पुन्हा माणसातच आहे. नरखेडचा बागायतदार असेल तर मराठी, तीही आपली, "करून राहिलो" वाली, उगाच बातम्यांसारखी प्रमाण भाषा लावली तर तुमचंच तोंड आखडतं. छिंदवाड्याहून आलेला पेशंटचा भाऊ असेल तर हिंदी. दोन्ही पाहिजे तर दोन चॅनल, एका चॅनलवर एक व्हिडिओ मराठी आणि एक हिंदी टाकला का अर्ध्या लोकांना अर्धं चॅनल नकोसं होतं. मराठीत मार्केट छोटं आहे म्हणणाऱ्यांना एवढंच, २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. नुसत्या वऱ्हाडी बोलीच्या जोरावर कॉमेडी करायची म्हणत असाल तर तिथे आता फार दाटी आहे, खरंच हसवता येत असेल तरच जा.

आता टेस्ट

दोन कल्पना घ्या, जास्त नको. प्रत्येकीची ३० शीर्षकं एका बैठकीत लिहा. १२ वर गाडी थांबली तर ती निश नाही, तो एखाद-दोन व्हिडिओचा ऐवज आहे, तसा तो करा आणि सोडा. ३० झाली आणि अजून सुचतंय, तर पुढे चला. मग त्यातली सहा-सात निवडून फोनवरच बनवा, माइक म्हणून इअरफोन चालतो, पंखा बंद करा आणि खिडकीच्या उजेडात बसा, बस. लोगो, इंट्रो, रिंग लाइट, "ग्रोथ" शिकवणारा महागाचा कोर्स, यातलं काहीही या टप्प्यावर घ्यायचं नाही, पोट्टे पहिले पैसे तिथेच घालवतात आणि मग व्हिडिओ बनवायला जीव उरत नाही.

दोन महिने द्या, आणि व्ह्यूच्या आकड्याकडे कमी बघा. यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक कुठून आला ते दिसतं, त्यात यूट्यूब सर्चचा वाटा वाढून राहिला का ते बघा, कारण सुरुवातीचे व्ह्यू तर मामा-मावशीचेच असतात. लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात ते बघा. अनोळखी माणसाने पुढचा प्रश्न विचारला का, तो माणूस तुम्ही ठरवलेलाच आहे का दुसराच कोणी निघाला? कधी कधी घरमालकासाठी बनवलेलं सगळं भाडेकरू बघतात, मग त्याच्याकडे वळा, त्याच्या अडचणी वेगळ्या, त्याला भिंतीला भोक पाडता येत नाही आणि घरमालक अर्थिंग करून देत नाही. दोन महिन्यांत एकाही अनोळखी माणसाने काही विचारलं नाही तर दुसरी कल्पना पुढे घ्या, रडत बसू नका.

वस्तू विकायची असेल तर टेस्ट अजून सोपी, माल घ्यायच्या आधी ऑर्डर घ्या. कारागिराकडच्या दोन बैलांचे चांगले फोटो, किंमत कुरिअर धरून, पोचवायची शेवटची तारीख, आणि अर्धे पैसे ॲडव्हान्स, एवढं स्टेटसला आणि बाहेरगावी असलेल्या मित्रांच्या ग्रुपवर टाका. "खूप छान", "मस्त आयडिया" याचे शून्य मार्क. यूपीआयवर ॲडव्हान्स आला तो एक मार्क. पाच-सहा अनोळखी लोकांनी ॲडव्हान्स दिला तर कारागिराकडे जा, आणि नाही आले तर घेतलेले पैसे परत करून मोकळे व्हा.

पहिल्या दिवसापासून नंबर जमवत चला. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा ज्यांचे लाखो फॉलोअर होते त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच उरलं नव्हतं, निश चांगली का वाईट हा प्रश्नच राहिला नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर ग्राहकाच्या परवानगीने ब्रॉडकास्ट लिस्ट करा, कोणी काय घेतलं, लेकरू किती वर्षांचं, गाव कोणतं हे लेबल लावून ठेवा, पुढच्या पोळ्याला तीच यादी कामाला येते.

नाव मात्र शेवटी ठरवा. वस्तूचं नाव चॅनलला दिलं का हातपाय बांधले जातात, आणि नुसतं "नागपूर" लावलं तर तशी नावं ढिगाने आहेत. तुमचा माणूस नातेवाइकाला फोनवर सांगेल आणि समोरच्याला एकदाच ऐकून रोमनमध्ये टाइप करता येईल असं पाहिजे, अनुस्वार-जोडाक्षरांची कसरत नको. यूट्यूब, इन्स्टा आणि फेसबुक तिन्हीकडे तेच हँडल मोकळं आहे का बघा, असलं तर त्याच बैठकीत घेऊन टाका, नसलं तर मागे आकडे जोडत बसू नका, दुसरं नाव शोधा.